पाईप निसटला तर

पनवेल,
रविवार सकाळ

प्रिय रुचिरा,

हे पत्र तुझ्या हातात आहे म्हणजे म्हैस बंद पडली आहे. बॉनेट उघडं असेल, डिकीतली निळी पिशवी तू बाहेर काढली असशील, आणि जादा पाईपला रबरबँड लावून गुंडाळलेला हा कागद बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. आधी गाडी रस्त्यावरून पूर्ण बाजूला घेतली आहेस ना ते बघ. हँडब्रेक ओढ, मागच्या चाकाला दगड लाव, आणि तो लाल त्रिकोण चांगला लांब नेऊन ठेव, आपण आळस करून बंपरला चिकटून ठेवतो तसा नको. इंजिनला एवढ्यात हात लावू नकोस, भाजशील. ते थंड होईपर्यंत तुला दुसरं काही करण्यासारखं नाही, म्हणून हे वाच. आणि आधी पाणी पी. तू पाणी पीत नाहीस, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

मी हे ओट्यापाशी उभ्यानेच लिहितेय. बसवत नाही. तू आत बॅगा भरतेयस, कपाटाचं दार सारखं वाजतंय. स्वानंद गॅलरीत फोन कानाला लावून उभा आहे. रविवारी बँकेचं कसलं काम निघतं देव जाणे. दुसरा चहा झाला की तू निघणार. चिपळूणला नोकरी लागली म्हणून चाललीय, असं आपण सोसायटीत सांगितलंय. पण वकिलाकडच्या कागदावर तुमच्या दोघांच्या सह्या झाल्यात, हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तुलाही ठाऊक आहे. त्या कागदात नवऱ्याचं नाव आहे, बायकोचं आहे, फ्लॅटचं आहे. अगदी म्हशीचाही नंबर घातलाय, कारण गाडी तू तुझ्या पगारातून घेतलीस आणि ती तुझ्याकडेच राहणार. सासूचं पुढे काय करायचं ते मात्र कुठे लिहिलेलं नाही. सासू आपोआप सुटते. तू फाटकाबाहेर गेलीस की तुझं माझं काही नातं उरतं की नाही, हे मला कोणी सांगत नाही, आणि विचारायचं कोणाला? तेच डोक्यात घेऊन मी सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत फिरतेय. दूध उतू गेलं ते त्यामुळेच. तू ओटा पुसलास.

तुला पहिला पाईप आठवतो ना? या घरात येऊन तुला वर्षही झालं नव्हतं. मे महिना होता, पावसाळ्याची सुकी मासळी भरायची म्हणून मी करंजाला जायचं काढलं. स्वानंदला वासानेच मळमळतं, तो आला नाही. तू म्हणालीस, मी नेते आई. तू पुण्याची, तुला सोडे आणि जवळा यांतला फरक कळत नव्हता, पण बंदरावर लिलावाच्या गर्दीत अशी घुसलीस की कोळणीही बाजूला झाल्या. येताना मागच्या सीटवर बोंबलांचं गाठोडं, काचा खाली, आणि तू गाणं म्हणतेयस. जासईच्या अलीकडे, दोन्हीकडे कंटेनरची गोदामं आहेत तिथे, फाट् असा आवाज झाला. मग बॉनेटखालून नुसतं सूं सूं. मागे काळा धूर. तू ॲक्सिलरेटर दाबतेयस आणि म्हैस जागची हलायला तयार नाही. मागचे ट्रेलरवाले हॉर्न देऊन देऊन आपली आई-माई काढत होते. तुझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणालीस, आई, इंजिन गेलं.

मी म्हटलं, इंजिन कुठे जातंय, त्यात हवा कोंबणारा टर्बोचा पाईप निसटलाय. तेव्हाचं तुझं तोंड बघण्यासारखं होतं. सुती साडीचा पदर खोचून मी बॉनेट उघडलं, थोडा वेळ थांबले, मग बोंबलांच्या गाठोड्याचं फडकं सोडून पाईपचं तोंड पुसलं, जागेवर बसवलं आणि तुझ्या त्या छोट्या स्क्रू ड्रायव्हरने पाईपवरच्या पट्टीचा क्लॅम्प आवळला. तू चावी फिरवलीस आणि म्हैस अशी निघाली जणू काही झालंच नाही. मागच्या सीटभर बोंबील पसरले होते. पुढे पनवेल येईपर्यंत तू हसत होतीस आणि मला विचारत होतीस, आई, तुम्ही नक्की कोण आहात?

कोणी नाही गं बाई. जासईची मुलगी. बाबांची मिठागरं होती आणि मीठ वाहायला एक जुना ट्रक होता, जो चालायचा कमी आणि अंगणात उघडा पडायचा जास्त. मिठागरांची जमीन नव्या बंदरासाठी गेल्यावर कमळाकरदादाने ट्रेलर घेतले. माहेरी कधीही जा, अंगणात कोणाचं ना कोणाचं बॉनेट उघडं, आणि दादा आत डोकं घालून ओरडतोय, “शशे, डिसमिस दे!” स्क्रू ड्रायव्हरला डिसमिस म्हणतात हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. मग पनवेलला दिनानाथरावांच्या घरी आले. तुझे सासरे स्वभावाने फार चांगले, पण बायकोच्या हातात पाना दिसला की त्यांना शेजाऱ्यांची लाज वाटायची. शेजारी काय म्हणतील, म्हणायचे. मी पाना ठेवून दिला. नंतर ते गेले, तरी पाना तसाच. इतकी वर्षं माझे हात नुसते शिवशिवत राहिले, आणि मला वाटायचं, वयाने होत असेल.

तू आलीस आणि मला माझे हात परत मिळाले. हे तुला मी कधी सांगितलं नाही. तुझ्या तोंडावर मी काय सांगते? मिठाचं प्रमाण सांगते, पाणी पी सांगते, ओल्या केसांनी बाहेर जाऊ नको सांगते. पण रविवारी सकाळी सोसायटीच्या बायका भिशीला निघायच्या आणि आपण दोघी पार्किंगमध्ये बॉनेटखाली, तेव्हा मला जे सुख वाटायचं ते मला कशात वाटलेलं नाही. तुला पुलाच्या पायाखालची माती तपासायला चिखलात, नदीकाठाला जावं लागतं, म्हणून तू ही चारही चाकं ओढणारी गाडी घेतलीस. दादाने पहिल्यांदा बघितली आणि म्हणाला, “शशे, ही गारी हाय का म्हस?” तेच नाव पडलं. स्वानंदला ते गावठी वाटायचं. तू मात्र ऑफिसात सगळ्यांना सांगितलंस.

इंजिन थोडं निवलं असेल तर आता पाईपवरून बॅटरी फिरव. दिवस असला तरी बॅटरी लागते, खाली काळोख असतो. दोन गोष्टी होऊ शकतात. एक, पाईप नुसताच निसटला असेल. मग सोपं आहे. आतून तेलकट असेल ते फडक्याने कोरडं पूस, पाईपही आणि तो ज्यावर बसतो ते तोंडही, मग पूर्ण आत ढकल आणि क्लॅम्प आवळ. दुसरं, पाईप फाटला असेल. मग ज्याला हे पत्र गुंडाळलंय तोच लाव, नवा आहे. क्लॅम्पसुद्धा पिशवीत आहेत. आणि समज नवा बसवता आला नाही, हात पोचला नाही, तर पिशवीत सायकलची ट्यूब कापून ठेवलीय. ती ताणून ताणून फाटलेल्या जागेवर गुंडाळ, वर दोन क्लॅम्प लाव आणि मग अंडी घेऊन चालल्यासारखी हळू चालव. जोर दिलास तर टर्बो हवा भरणार आणि ट्यूब उडणार. चौथा, पाचवा गिअर विसरून जा. पहिलं गॅरेज दिसेल तिथे थांब.

पुसायचं मात्र विसरू नकोस. पुसण्यावरून मला बोरघाट आठवतो आणि बोरघाट आठवला की माझं डोकं फिरतं.

तुझ्या वडिलांच्या साठीला आपण तिघं पुण्याला निघालो होतो. आदल्या दिवशी तू साइटवर होतीस, आणि स्वानंदला काय सुचलं कोण जाणे, त्याने तुझ्यासाठी म्हणून म्हैस तपासली. पाईप जरा सैल वाटला, काढला, परत चढेना, कडक होता. मग माझ्या लेकाने काय करावं? बाथरूममधून खोबरेल तेलाची बाटली आणली आणि पाईपला आतून छान तेल चोळलं. सर्रकन बसला, असं नंतर मला म्हणाला. तेव्हा मलाही कौतुकाने सांगितलं नाही, तुलाही नाही, मनातल्या मनात खूश होता. अगं, तेल लावलेला पाईप बसतो सर्रकन आणि जातोही सर्रकन! खोपोलीच्या पुढे चढ लागला, तू गाडीला जोर दिलास आणि फाट्. तोच आवाज, तोच धूर, आणि या वेळी मागे ट्रेलर नाहीत तर तुफान वेगाच्या गाड्या. कसंबसं कडेला लागलो. मी मागच्या सीटवर, स्वानंद पुढे, चावी अजून फिरलेली, आणि गाडीच्या स्पीकरवर त्याचा फोन वाजला. त्यानेच गडबडीत बटण दाबलं.

बँकेतला जीवन होता. बिचाऱ्याला काय माहीत कोण कोण ऐकतंय. म्हणाला, स्वानंद, सुटलास बाबा, तू नकार दिलास ते वर पोचलं, चिपळूणला आता दुसराच कोणी जातोय, साहेब म्हणाले दोन महिन्यांपूर्वीच कळवलं होतंस ते बरं केलंस. मग त्याने पार्टी मागितली. स्वानंदने फोन बंद केला तोवर सगळं बोलून झालं होतं. आणि मी मागे बसून मोजत होते, की गेले दोन महिने आपल्या जेवणाच्या टेबलावर काय चाललं होतं. तू विचारायचीस, बदलीच्या अर्जाचं काय झालं. तो म्हणायचा, दिलाय, बघू. तू म्हणायचीस, मी चिपळूणचं काम घेऊ का मग? तो म्हणायचा, घे ना, येतोच आहे मी. तू त्याच्या भरवशावर हो म्हणालीस. तिथे खोली बघून आलीस, गॅलरीतून नदी दिसते म्हणून फोटो पाठवलास. त्यावर त्याने अंगठा दाखवला होता.

तू दार उघडलंस. गाडीतून उतरलीस आणि रेलिंगला धरून दरीकडे तोंड करून उभी राहिलीस. स्वानंद तुझ्यापासून चार हात अंतरावर, हात खिशात. मी बॉनेटखाली गेले, कारण दुसरीकडे कुठे जाणार? पाईप पुसायला घेतला आणि बोटांना वास आला. खोबरेल. घाटातल्या त्या धुरात, डिझेलच्या वासात, स्पष्ट खोबरेल. मला इतका संताप आला रुचिरा, की तिथेच त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं वाटलं, चाळिशीच्या मुलाच्या. आणि दुसऱ्या क्षणाला रडू आलं, कारण त्याने ते प्रेमाने केलं होतं. त्याचं सगळं असंच आहे. त्याला कुठे घासलेलं, खरखरलेलं चालत नाही. नाही म्हणायचं तर तोंड कडू होतं, म्हणून हो म्हणायचं. लहानपणापासून असा. मी त्याला शाळेत असताना विचारायचे, दूध प्यायलास? हो. आणि दूध कुंडीत. तुळस जळली तेव्हा कळलं.

पाईप मी बसवला, पुण्याला पोचलो, तुझ्या वडिलांना ओवाळलं, फोटोत सगळे हसलो. तुझी आई म्हणाली, विहीणबाई, तुमच्या हाताला काळं लागलंय. मी म्हटलं, काजळ असेल. 

“माझा मुलगा वाईट नाही” हे वाक्य मी तुला म्हणणार नाही. ते वाक्य ऐकवून ऐकवून किती सुनांना घरात बसवून ठेवलंय ते मला माहीत आहे. भामावहिनी परवा जासईहून फोन करून म्हणाली, “शशे, तू येकदा बोल ना तिच्याशी, सासूचा शब्द मोरनार नाय ती.” मी म्हटलं, म्हणूनच बोलत नाही. वहिनीला ते कळलं नाही. तिने तुझ्यासाठी सुकी कोलंबी पाठवलीय, ती मी डिकीत लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवणार आहे, घरी पोचल्यावर लगेच डब्यात काढ, नाहीतर म्हशीला वर्षभर वास येईल.

स्वानंदने त्यानंतर पुष्कळ केलं, हे मात्र खरं. तुला सॉरी म्हणाला, फुलं आणली, परत अर्ज करतो म्हणाला. तू त्याला विचारलंस, तुला खरंच यायचंय का? तो म्हणाला, तू म्हणशील तसं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, लाटणं हातात तसंच. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे बाबा, एकदा नाही तरी म्हण रे! नाही म्हटलं असतंस तर ही भांडली असती, रडली असती, पण थांबली असती. तू त्या दिवशी शांतपणे खोलीत गेलीस आणि मला कळलं, की झालं. आवाज न करता झालं.

बरं, आता मला तुला जे सांगायचंय ते सांगते. मघापासून हात त्याच्यापाशी जातो आणि परत येतो. आत्ताच तू बाहेर येऊन विचारून गेलीस, आई, काय लिहिताय? मी म्हटलं, वाण्याची यादी. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवून गेलीस. मला पाणी पी म्हणून सांगायला आता तू शिकलीस.

आज सकाळी मी दूध आणायला खाली गेले ते दुधासाठी नव्हे. दूध कालच आणलेलं होतं. तुझी चावी टेबलावर होती, ती पदराखाली घेतली. पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. म्हशीचं बॉनेट उघडलं आणि टर्बोच्या पाईपचा क्लॅम्प मी सैल केला. हो, मी केला. मनात हिशेब स्पष्ट होता. तू हायवेला लागलीस, जरा जोर दिलास की पळस्प्याच्या पुढे कुठेतरी फाट्. चढही नाही, घाटही नाही, धोका नाही, पनवेल मागे दिसतंय. रविवार, गॅरेजं बंद. तू फोन करशील, मी रिक्षाने येईन, नुसता पाईप बसवून भागणार नाही म्हणेन, आपण म्हैस दोरीने ओढून आणू. दुपारी सुरमई करू. संध्याकाळी तू म्हणशील, उद्या जाते. उद्याचं उद्या. एक दिवस, रुचिरा. मला फक्त एक दिवस हवा होता. त्या एका दिवसात मी तुझ्याशी नीट बोलले असते असं मला वाटलं. आता वाटतं, मी परत मिठाबद्दलच बोलले असते.

मग मला ती रेघ दिसली. बोरघाटानंतर तू पाईपवर आणि क्लॅम्पवर मिळून तुझ्या नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढलीस, ती चांदीच्या रंगाची. मला म्हणालीस, आई, आता पाईप एक केसभर जरी सरकला ना, रेघ तुटेल आणि निघायच्या आधीच कळेल. किती शहाणी पोर, म्हणून मी त्या दिवशी तुला चिडवलं होतं, नखं सोडून पाईप रंगवतेस म्हणून. माझ्या हाताने ती रेघ तुटली होती. अर्धी इकडे, अर्धी तिकडे.  स्वानंदने तेल लावलं ते अजाणतेपणी. मी काय करत होते? मला सगळं कळतंय, माझे हात तयार आहेत, आणि त्या हातांनी मी तुझी वाट अडवायला निघाले होते. जे हात तू मला परत दिलेस त्याच हातांनी! मला माझीच किळस आली. मी पदराने पाईपचं तोंड कोरडं केलं, परत बसवलं, आणि दोन्ही अर्ध्या रेघा एकमेकींसमोर येईपर्यंत क्लॅम्प आवळला. मग एकदा परत आवळला. वर आले, हात धुतले, आणि तुम्हाला चहा दिला.

तेव्हा आता बॉनेटखाली बघ. रेघ जुळलेली असेल आणि पाईप मधूनच फाटला असेल, तर त्याचं वय झालं होतं, दुसरं काही नाही. आणि पाईप रेघेपाशीच निसटला असेल तर माझ्या हातात पूर्वीची ताकद राहिली नाही, असं समज आणि मला शिव्या दे. पण मी तो सैल सोडला नाही, आवळून सोडला, एवढं तुला माहीत हवं. हे तोंडावर का सांगितलं नाही विचारशील. तोंडावर सांगितलं असतं, की म्हातारीला तुझ्यावाचून करमणार नाही, तिने गाडीसुद्धा बिघडवायला घेतली होती, तर तू बॅग खाली ठेवली असतीस. मी ओळखते तुला. नवऱ्यासाठी थांबली नसतीस, माझ्यासाठी थांबली असतीस, आणि मग ‘बघू, बघू’ करत या घरात तुझंही वय गेलं असतं. म्हणून इथे लिहिलं, या पिशवीत, जिथे तू अर्धी वाट मागे टाकल्यावरच हात घालशील. म्हैस नीट चालली तर हे तुला कधी मिळणारच नाही. देवाजवळ काय मागू तेच मला कळत नाही. पाईप टिकू दे म्हणते आणि लगेच वाटतं, टिकला तर तिला कळणार कसं?

गॅलरीतला फोन संपला वाटतं. स्वानंद तुझी मोठी बॅग उचलतोय, तू देत नाहीयेस. मला आता खाली जाऊन बरणी आणि कोलंबी डिकीत ठेवायचीय, त्याच निमित्ताने हे पिशवीत जाईल. एवढंच ऐक. पाईप बसला तर उत्तम. नाही बसला, अंधार व्हायला आला, जागा निर्जन वाटली, तर कोणाला लाजून गाडीत बसून राहू नकोस. स्वानंदला फोन करू नकोस, तो हो म्हणेल. मला कर. मी दादाला उठवीन, त्याचा रिकामा ट्रेलर घेऊन येईन, साडीवर येईन, जशी असेन तशी येईन. आणि घाबरू नकोस, मी तुला परत न्यायला येणार नाही. तुला चिपळूणला सोडायला येईन, खोलीपर्यंत, आणि त्या गॅलरीतून नदी बघून चहा पिऊन दादाबरोबर माघारी फिरेन. त्या जासईच्या दिवशी तू हसत हसत तुझ्या फोनमध्ये माझं नाव बदललं होतंस. कागदपत्रं झाली, आडनाव बदललं, काय काय बदलायचं ते बदल. ते एक नाव तेवढं पुसू नकोस. मी अजून तीच आहे.

तुझीच,
आई ब्रेकडाऊन सर्व्हिस